जोगळेकर सरांची शिस्त समिती

स्वतःच्या मुलीच्या लग्नात जोगळेकर सरांनी अख्ख्या वऱ्हाडाला मांडवाच्या दारात उंचीप्रमाणे उभं केलं होतं. नवरदेव उंच, म्हणून तो सगळ्यात मागे. "पहिले लाइन, बाकी नंतर," असं ते व्याह्यांना अगदी प्रेमानं म्हणाले आणि व्याही निमूट रांगेत गेले.

सर इंदूरच्या गिरणी भागातल्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मी तिथे भूगोल शिकवायचे. दर सोमवारी ते नवी सुधार योजना घेऊन स्टाफरूममध्ये येत. कधी चपला वर्गाबाहेर खडूच्या रेषेवर, तर कधी फाटकाबाहेरच्या पोहेवाल्याला नियम, की प्रार्थना संपेपर्यंत पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा डबा उघडायचा नाही. वासानं मुलांच्या ओळी वाकड्या होतात म्हणे. पोहेवालाही ऐकायचा.

मग गिरणी बंद झाली. सकाळचा भोंगा थांबला आणि त्या भोंग्यावर जागी होणारी वस्ती उशिरा उठू लागली. मुलं प्रार्थनेनंतर डोळे चोळत यायची, काही यायचीच नाहीत.

"म्याडम, योजना आहे," सर म्हणाले. "फाटकावर मुलांचे वडील उभे करायचे. शिस्त समिती."

"येतील ते?"

"बुलाके तो देखू."

वस्तीत मीही सोबत गेले. रामेश्वरभिया सूतखात्यात जॉबर होते, म्हणजे चाळीसेक माणसं त्यांच्या शब्दावर हलायची. आता दाढी वाढवून खाटेवर पडले होते. "अब कहाँ जाना है, सरजी," म्हणाले. सरांनी त्यांच्या हातात एक शिट्टी ठेवली. "कल सुबह सात बजे. दाढी करके आना."

दुसऱ्या दिवशी ते आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. मागोमाग आणखी चार-पाच जण आले. आमच्या शाळेनं अशी शिस्त कधी पाहिली नव्हती. रामेश्वरभिया शिट्टी वाजवायचे, शर्टाची बटणं लावून द्यायचे, खिशातल्या कंगव्यानं पोरांचे भांग पाडायचे. दिवाळीपर्यंत उशिरा येणारं एकही मूल उरलं नाही.

आणि एक दिवस खुद्द सर उशिरा आले. स्कूटर ढकलत, घामाघूम होऊन.

रामेश्वरभियांनी फाटकात हात आडवा केला. "सरजी, टाइम हो गया. साइड में खड़े रहिए."

"गाडी बंद पड़ गई, भिया."

"सब येईच बोलते हैं."

मुख्याध्यापक प्रार्थना संपेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले. पोरं वाकून वाकून बघत होती, पोहेवाला तोंडावर फडकं धरून हसत होता. रामेश्वरभियांची मान कितीतरी महिन्यांनी अशी ताठ दिसत होती.

मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "सर, मेकॅनिकला बोलावू का?"

"कशाला? गाडी चांगली आहे." सरांनी चहा बशीत ओतला. "काल रामेश्वर शिट्टी परत द्यायला आला होता. म्हणाला, बच्चे तो सब टाइम पे आते हैं, अब हमारा क्या काम." त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "कुणीतरी उशिरा यायला हवं होतं ना, म्याडम."