टेकडीवरच्या कॉलेजचा नळ

भगवानराव साळवे महिनाभर रोज चिडत होते, आणि दोष सगळा कॉलेजांचा होता. तसा राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते माल तपासायचे. डबा ठोकायचा, झाकण हुंगायचं आणि ‘रिजेक्ट!’ म्हणून गरजायचं, यातच त्यांची हयात गेलेली. मुलीला, यशोधराला, कॉम्प्युटर सायन्सला घालायचं ठरल्यावर त्यांनी तीच नजर कॉलेजांवर लावली.

पहिल्या कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर झकास कव्हरं घातलेली होती. भगवानरावांनी एक कव्हर उचललं, तर खाली नुसता मॉनिटर.

“सीपीयू कुठाय?”

“रिपेअरला गेलाय, सर.”

“सगळ्यांचे एकदम? लग्नाला गेलेत काय?” रिजेक्ट.

दुसऱ्या कॉलेजने प्रवेशाआधीच यशोधराला टोपी आणि टी-शर्ट दिला. माल खराब असल्याशिवाय कोणी गिफ्ट देत नाही, हा भगवानरावांचा अनुभव. रिजेक्ट. तिसरं टेकडीवरचं. तिथं फाटकातून आत शिरताच त्यांना व्हरांड्यातला नळ गळताना दिसला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ज्यांना एक नळ बंद करता येत नाही, ते माझ्या पोरीला प्रोग्रॅम काय शिकवणार?”

पोरीला नेमकं तेच कॉलेज हवं होतं. “पप्पा, मी डेमो लेक्चरला बसलेय तिथं. सर स्वतः बसून कोड लिहून दाखवतात, चुकलं तर सगळ्यांसमोर चुकलं म्हणतात. मला तिथंच जायचंय. नळ बघायला नाही जायचंय मला!”

“नळ तर आपल्या मोरीतला पण गळतोय, गणपतीपासून,” आतून भागीरथीबाई म्हणाल्या. बायकोच्या या वाक्यावर भगवानराव पाय आपटत घराबाहेर निघून गेले.

शेवटी टेकडीवरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दोनच जागा उरल्या. त्या कॉलेजातच, हजर असलेल्यांना मार्कांप्रमाणे मिळणार होत्या. यशोधराचा नंबर चौथा. हे कळल्यावर महिनाभरात प्रथमच भगवानरावांचा चेहरा खुलला. “मिळाली सीट तर सही करीन. शब्द दिला!” ते उदारपणे म्हणाले. यशोधरा रात्री नीट जेवलीही नाही.

प्रवेशाच्या दिवशी ते ड्युटीवरून थेट कॉलेजात आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, गळ्यात कंपनीचं आयकार्ड. व्हरांड्यात तीन कुटुंबं बसली होती, आणि नळ अजून गळत होता. फरक इतकाच, की आता त्याच्याखाली बादली होती. भगवानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“ओ शिपाई! इकडे या! वायसर बदलायचा सोडून बादली ठेवता? लाज वाटत नाही?”

शिपाई हरिचंद्रला बोलणी खायची सवय होती. “सॉरी सर, लगेच बघतो सर,” म्हणून तो पळाला. त्या ‘सर’नेच घात केला. शिपायावर इतक्या हक्काने ओरडणारा माणूस कॉलेजचाच असणार, हे पालकांनी ताडलं. कॅम्प पाच या सिंधी वस्तीतले एक गृहस्थ अदबीने पुढे आले.

“सर, सच सच सांगा. माझा मुलगा लिस्टमध्ये पहिला आहे. कॉलेज कसा आहे?”

“कसलं कॉलेज! मी तर कधीच रिजेक्ट केलंय.”

“और लॅब?”

“लॅबमध्ये गेलोच नाही मी! नळ बघूनच समजलो.”

गृहस्थ बायकोकडे वळले. “सुन रही है? कॉलेजचा आदमी स्वतः लॅबमध्ये जात नाही. चल, उठ!”

सोनिवलीच्या कुंदाताईंनी घाबरत विचारलं, “आमच्या गंधारला घालावं का नको, सर?”

“मी माझ्या पोरीला घालणार नाही, बाई!” भगवानराव कडाडले, आणि ते शंभर टक्के खरं होतं. कुंदाताईंनी गंधारला दंडाला धरून उठवलं. तिसऱ्या कुटुंबाने काहीच विचारलं नाही. दोघं उठले म्हणून तेही उठले.

यशोधरा कोपऱ्यात आपली कागदपत्रं छातीशी धरून हे सगळं बघत होती.

तेवढ्यात आतून प्रवेशाच्या मॅडम यादी घेऊन आल्या. पहिलं नाव, गैरहजर. दुसरं, गैरहजर. तिसरंही. “यशोधरा भगवान साळवे!”

भगवानरावांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, दिलेला शब्द आठवला आणि ते फाटकाकडे धूम पळाले. “अहो, थांबा! मी कॉलेजचा नाही! चांगलं आहे कॉलेज! सीट आहे, परत या!” पुरावा म्हणून ते आयकार्ड हवेत नाचवत होते.

रिक्षातून सिंधी गृहस्थांचं डोकं बाहेर आलं. “देखा? आता मागे पळतो! पोरांच्या मागे पळावं लागतं, असा कॉलेज! भैया, जल्दी चलो!”

भगवानराव घामाघूम होऊन परतले, तेव्हा मॅडम फोनवर तापल्या होत्या. “आमच्याच माणसाने सांगितलं म्हणजे? कोण आमचा माणूस?” भगवानरावांनी आयकार्ड गुपचूप शर्टात सारलं.

“पप्पा,” यशोधराने पेन पुढे केलं. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही शब्द दिलाय.”

त्यांनी दातओठ खात सही केली. कागद थोडा फाटला.

बापलेक टेकडी उतरत असताना एक स्कूटर जवळ थांबली. मागे एक मुलगा फाइल घेऊन बसला होता. स्कूटर चालवणाऱ्या त्याच्या बापाने विचारलं, “साहेब, हे वरचं कॉलेज कसं आहे हो? कोणी म्हणत होतं, तिथं नळबिळ गळतात.”

यशोधराने श्वास रोखला. भगवानरावांच्या नाकपुड्या फुलल्या.

“गळतात तर गळतात! नळावर कॉम्प्युटर शिकतात काय? माझी पोरगी आहे तिथं! आणि तुमच्या घरातला नळ गळत नाही? माझ्या गळतो!”