रंगूबाईच्या बाकाची मोहीम

"सुमती, त्या रंगूला बसायला काहीतरी दे गं. पायांना सूज असते तिच्या. माझ्याच्यानं व्हायचं ते राहूनच गेलं."

ऐसी आज्ञा कल्याणच्या धर्मार्थ सूतिकागृहाच्या थोरल्या मेट्रन प्रमोदिनीबाई यांनी आपल्या अखेरच्या दुखण्यात केली, आणि धाकट्या मेट्रन सुमतीबाई यांनी उशाशी बसोन "देते, बाई" ऐसा शब्द दिला, आणि मग बाई श्रीचरणी लीन जाहल्या. त्या एका शब्दापासोन जे राजकारण उपजले, जे मोर्चे लागले आणि अखेरीस जो तह जाहला, ते वर्तमान कुलस्वामिनीचे स्मरण करोन, कोणाचे वाढवोन न सांगता व कोणाचे उणे न काढता, येथे निवेदन केले आहे. श्रोती सावध असावे. उपास असल्यास आधी दोन दाणे तोंडात टाकोन घ्यावे, कारण मोहीम लांबली.

शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सर, श्रावणमास. रंगूबाई म्हणजे रात्रपाळीची आया, शहाडकडली, उमर साठीच्या घरात, अर्ध्या कल्याणची बाळे पहिल्याने हिच्याच हाती आलेली. बाळंतिणींच्या खोलीबाहेर जो बोळ, तेथे तिची चौकी. बोळात बसावयास काही नाही, आणि भुईवर बसावे तर उठते समयी गुडघे फितूर होत, सबब ती रात्रभर उभी राही. सुमतीबाईंनी, बाईंचे दिवसकार्य आटोपताच, आपल्या कचेरीतील स्टूल स्वहस्ते उचलोन तिजला नेऊन दिले. आता खरे म्हटले तर प्रकरण येथेच मिटावे. परंतु मिटते तर बखर कशास लिहावी लागती?

स्टूल हलले ही खबर व्यवस्थापक मंडळाचे चिटणीस हरिहरपंत यांस पोहोचली. हे निवृत्त अव्वल कारकून, कायद्यात बहुत निपुण, डोईस काळी टोपी. त्यांनी हुकूम सोडिला की, आयांस आसन देण्याचा ठराव मंडळात जाहला नाही, तरी स्टूल माघारी जमा करावे. इकडे युनियनचे सरसेनापती महिपतराव, दिवसा वॉर्डाचे चाकर, सायंकाळी कामगारांचे कैवारी, आवाज ऐसा की खाडीपार कोनगावी ऐकू जावा, यांनीही फर्माविले की, एकटीस स्टूल देणे हा फूट पाडण्याचा डाव आहे, आसन घेऊ ते सर्वांसाठी हक्काने घेऊ, दयेचे स्टूल आम्हांस नामंजूर. ऐसे हे उभय पक्ष, जे आजवर खिडकीची काच बसविण्याविषयीही एक जाहले नव्हते, ते स्टूल काढोन घेण्याविषयी एकदिल जाहले. सहकार्याचा पहिला अंकुर तो हा.

रंगूबाई स्टुलावरोन उठली आणि सुमतीबाईंस म्हणाली, "उठवायला दोघं आले, बाय. बसवायला कोण येतो बघू."

मग महिपतरावांनी फाटकापुढे निशाण रोविले आणि हरिहरपंतांनी फाटकास कुलूप घातले. फौज मातबर, उमेद दांडगी. परंतु घोषणा द्याव्या तर आत बाळे निजलेली, आणि सुमतीबाई सज्जात ओठांवर बोट ठेवोन उभ्या. मग फौजेने कुजबुजत घोषणा दिल्या. कोनगावी ऐकू जाणारा तो आवाज त्या दिवशी पायरीपुढे गेला नाही, आणि हरिहरपंतांनी, काही ऐकू येत नाही ऐशा सबबेवर, घोषणा लेखी मागविल्या. महिपतरावांचे मन वाईट नव्हते हो, आणि हरिहरपंतांचेही नव्हते. दोघेही आपापल्या ठायी फार बरोबर होते, इतकेच.

ऐसा वेढा चालला असता ठाण्याहून एक सरकारी सल्लागार आले, आणि चहा घेऊन त्यांनी उपदेश केला की, देशात नवे राज्य आले आहे, भांडणाचे दिवस सरले, आता संयुक्त समिती करावी, चार असामी मालकांकडील, चार कामगारांकडील. हे ऐकोन उभय पक्ष गहिवरले. सल्लागार ठाण्यास परतले ते परतलेच.

समितीची पहिली बैठक श्रावणी सोमवारी भरली. भरताच पेच पडला की बसावे कोठे. खुर्च्या तेवढ्या मंडळाच्या, आणि मंडळाच्या खुर्चीवर बसणे युनियनास कमीपणाचे. युनियनाच्या सतरंजीवर बसणे मंडळास कमीपणाचे. मग बैठक उभ्यानेच चालली. तास होतो न होतो तो हरिहरपंतांच्या पोटऱ्या भरोन आल्या, आणि महिपतरावांनी हळूच भिंतीस पाठ टेकली, आणि सर्व असामींस एकाएकी साक्षात्कार जाहला की, उभे राहणे हे फार कठीण काम आहे.

"माणसाला बसायला हवं," हरिहरपंत बोलिले.

"आमची मागणी तीच आहे, पंत," महिपतराव बोलिले.

मग तहाची कलमे भराभर पडली. आसन करावे ते एकच करावे, जेणेकरोन कोणी उंच कोणी नीच न ठरे. आठही असामी एके पंक्तीस मावतील ऐसे लांब बाक करावे, समितीने त्यावर बैठका कराव्या, आणि समिती नसेल तेव्हा रंगूबाईने बसावे. मंडळाने लाकूड द्यावे, युनियनने अंगमेहनत. बाक येईतो कोणी कोणास परस्पर आसन देऊ नये, दिल्यास तो उभय पक्षांचा द्रोह. मग सुमतीबाईंनी दुपारी साबुदाण्याची खिचडी पाठविली. उपास दोन्हीकडे एकच होता आणि भूकही, त्यामुळे खिचडीवर दुमत जाहले नाही.

ते रात्री सुमतीबाई बोळात गेल्या तो रंगूबाई खांबास टेकोन उभी. सुमतीबाई हळूच म्हणाल्या, "बाक होतंय गं. समितीनं ठरवलंय."

"होऊ दे," रंगूबाई बोलिली. "माज्या पायांना सांगते, समिती बसली हाय, तुमी जरा उभं ऱ्हावा."

पुढल्या श्रावणी सोमवारी, दिवस कलता, विठ्ठलवाडीहून काळुराम सुताराकडील बाक हातगाडीवरोन निघाले. पुढे महिपतरावांची निशाणे, मागे हरिहरपंतांची छत्री, ऐसी खाशी स्वारी सूतिकागृही दाखल जाहली. बाक सागवानी, देखणे, दोन्ही टोकांस भक्कम पाय. दारातून आत आले, आणि बोळाच्या वळणावर अडले.

मग जी झुंज जाहली तिचे वर्णन काय करावे. मंडळाचे वीर आतून ओढीत आणि युनियनचे वीर बाहेरोन रेटीत, आणि मग मसलत फिरोन आतले रेटीत आणि बाहेरचे ओढीत. बाक आडवे केले, उभे केले, उताणे केले. भिंतीचा गिलावा कामास आला. हरिहरपंतांची टोपी रणी पडली, ती महिपतरावांनी स्वहस्ते उचलोन, झटकोन परत दिली. आत एक बाळंतीण हसू लागली, तिला परिचारिकांनी टाक्यांची आठवण करोन आवरिले.

अखेर काळुरामास करवत आणण्याचा हुकूम जाहला. त्याने पुसिले, "कुठं कापू?"

दोघेही एके मुखे बोलिले, "मधोमध."

"बघा हां. मागनं मला बोलायचं नाही."

मधोमध कापिले. यात कोणा पक्षास तसूभर अधिक गेले नाही. दोन्ही अर्धे सुखरूप बोळात दाखल जाहले, भुईवर ठेविले, आणि दोन्ही तोंडघशी पडले. कारण प्रत्येकास पाय दोनच, आणि तेही एकाच टोकास. नवे पाय लावावे तर तहात बाक एक लिहिलेले, आणि एका बाकास चारांहून अधिक पाय कोणत्या कलमाने द्यावे? मग हरिहरपंतांनी आपला अर्धा खालून हाती धरिला, आणि महिपतरावांनी आपला धरिला, आणि दोन अर्धे जुळले, आणि बाक उभे राहिले. पाहणारांनी टाळ्या दिल्या, अर्थात हळू.

इतक्यात रंगूबाई पाळीवर आली.

"बस, बस रंगूबाई, हे तुझंच आहे," हरिहरपंत धापा टाकीत बोलिले.

ती बसली. पाय लांब केले, डोळे मिटले. मग एक डोळा उघडोन खाली दोहोंकडे पाहिले. "रातभर असंच धरून ऱ्हाणार काय, सायेब?"

उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. सोमवार सोडण्याची वेळ जाहली होती, घरी पाने वाढली होती. मग तत्काळ ठराव जाहला की, सदरहू बाक उभय पक्षांच्या हजेरीतच वापरावे, एरवी दोन्ही अर्धे भिंतीस टेकोन ठेवावे. रंगूबाईस उठविले. अर्धे भिंतीस टेकिले. रंगूबाई त्यांच्या शेजारी टेकिली.

ऐसा विजय जाहला. सूतिकागृही मालक व कामगार यांचे सहकार्य सिद्धीस गेले, उभय सेनापतींस उभय पक्षांनी हार घातिले, यशाचे समान वाटे जाहले, आणि उभे राहणे तेवढे रंगूबाईकडे पूर्ववत कायम जाहले. यात लेखनाचा दोष असेल तो आमचा, पराक्रम सर्व त्यांचा.

सुमतीबाई घरी आल्या. देवापुढे दिवा लाविला, नेमाचा अध्याय वाचिला. वाढलेले पान तसेच झाकोन ठेविले. मग पोथी उचलोन फडताळात ठेविली, आणि ज्या चौरंगावर ती नित्य असे, तो उंच पायांचा चौरंग ओल्या फडक्याने पुसिला. देवाकडे एकवार पाहिले. देवांचे कोणत्या समितीत नाव नव्हते. मग चौरंग काखेस मारोन, वरोन पदर घेवोन, दार लोटोन त्या सूतिकागृहाच्या वाटेस लागल्या.