मेरबाबूचा वारा

एसीचं एक खोकं जरी या इमारतीला लागलं, तर आपण आर्किटेक्टकी सोडून गायी राखू, असं हेंदार्तोने भर बैठकीत सांगून टाकलं होतं. बैठक होती जावातल्या सलातिगा शहराच्या वरच्या अंगाला, मेरबाबू डोंगराच्या उतारावर असलेल्या दूध संघाची, आणि इमारत होती संघाची नवी कचेरी. चेअरमन प्रायित्नो यांनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि गायी राखणंही वाटतं तेवढं सोपं नसतं, असं शांतपणे सांगितलं. पण संघाच्या दुधाला शहरात चांगलं नाव हवं होतं, आणि हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं तर ते पिशवीवर छापता येणार होतं. म्हणून त्यांनी होकार दिला. प्रमाणपत्र नाही मिळालं, तर मात्र भिंतींना भोकं पाडून एसी बसणार होते.

हेंदार्तोची ही पहिलीच स्वतंत्र इमारत. त्याने जीव ओतला. पुढेमागे लांबच लांब खिडक्या, छताखाली झडपा, वारा एका अंगाने आत आणि दुसऱ्या अंगाने बाहेर. प्रमाणपत्राचे नियम त्याला तोंडपाठ होते. खोली जेवढी मोठी त्या प्रमाणात खिडक्यांची उघडी जागा हवी, कुणाचंही टेबल खिडकीपासून लांब नको, आणि बसणाऱ्याला खिडकी आपल्या हाताने उघडता आली पाहिजे. यातली शेवटची अट त्याला सगळ्यात सोपी वाटली. हाताने उघडणारी खिडकी हाताने बंदही होते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

जावामधल्या माणसाला विचाराल तर निम्मी दुखणी अंगात वारा शिरून होतात. डोकं दुखलं, वारा. पोट फुगलं, वारा. जावई रुसून गेला तरी आदल्या दिवशी तो उघड्या गाडीतून आला होता का, हे आधी विचारतात. संघाचा हिशेब सांभाळणाऱ्या तुमिराबाईंनी आठवडाभर खिडकीखाली बसून पाहिलं आणि मग खिडकी लावून तिला लोखंडी कपाट टेकवलं. त्यांचं पाहून इतरांनी पेंडीची पोती रचली. झडपांवर वासरांच्या प्रदर्शनाचे जुने फलक चिकटले. तपासणीच्या आदल्या दिवशी हेंदार्तो आत शिरला, तेव्हा भात वाफवायच्या टोपलीत शिरल्यासारखं त्याला झालं.

त्याने तुमिराबाईंना नियम सांगितले, हवा खेळती राहिल्याने आरोग्य कसं सुधारतं तेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरा, तू खिडकी काढलीस कागदावर," त्या म्हणाल्या. "कागदाचं पोट फुगत नाही. तिच्याखाली बसते मी."

शेवटी एका दिवसापुरती तडजोड झाली. कपाटं हेंदार्तोने स्वतः ढकलली. त्यात त्याच्या कमरेत उसण भरली, आणि हेही वाऱ्याचंच काम, असं बाईंचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरून असा वारा सुटला की टेबलावरचा कागद उचलला की गेलाच. सगळे कर्मचारी जाकिटं, कानटोप्या घालून आले होते. तुमिराबाईंनी तर नवऱ्याचा मोटारसायकलवरचा रेनकोट चढवला होता. सावधगिरी म्हणून प्रत्येकाने अंगाला निलगिरीसारखं उग्र तेल चोळलं होतं.

तपासनीस लुकमान जकार्ताहून आले होते. किडकिडीत माणूस, अंगात पातळ अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि उशीर नको म्हणून उपाशीपोटीच निघालेले. आत येताच त्यांनी नाक फेंदारलं. रंग कुठला वापरलाय, त्यांनी विचारलं, कारण उग्र वासाच्या रंगाला गुण कापले जातात.

"वास रंगाचा नाही, साहेब," हेंदार्तो म्हणाला. "माणसांचा आहे."

लुकमान यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि रेनकोटाकडे बोट दाखवलं. बाई थेट गोठ्यातून आल्यात, असं हेंदार्तोने ठोकून दिलं.

"मी जन्मात गोठ्यात पाय ठेवलेला नाही," रेनकोटातून आवाज आला.

मग लुकमान एकेका टेबलाशी बसून, धुराची नळी पेटवून वारा कसा वाहतो ते पाहू लागले. धूर सुरेख चालला होता. खिडकीतून आत, सरळ खोली ओलांडून पलीकडे बाहेर. हेंदार्तोचे डोळे भरून आले. कागदावर आखलेले बाण त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होते.

पलीकडे बाहेर रखवालदार उभा होता. त्याला दिसला तो फक्त धूर. हिशेबाची खोली पेटली असं समजून त्याने दुधाचे कॅन विसळलेल्या पाण्याची बादली उचलली आणि खिडकीतून नेम धरून आत रिकामी केली. खिडकी इतकी मोठी, की नेम चुकायला वावच नव्हता.

लुकमान नखशिखान्त भिजले. त्यात वारा. त्यांचे दात वाजू लागले, ओठ निळे पडले. हेंदार्तो कोरडे कपडे आणायला चेअरमनांच्या घराकडे वारं प्यालेल्या वासरासारखा धावला.

परत आला तर सगळ्या खिडक्या बंद. कपाटं जागेवर, पोती जागेवर. हिशेबाच्या टेबलावर लुकमान उघड्या पाठीने पालथे पडलेले, अंगात शिरलेला वारा काढायला तुमिराबाई तेल लावून नाण्याने त्यांची पाठ खरवडताहेत, आणि पाठीवर वाघासारखे लालभडक पट्टे. भोवती सगळी कचेरी उभी, कुणाच्या हातात आल्या-गुळाचं गरम पाणी.

सवयीने हेंदार्तोचा हात जवळच्या खिडकीकडे गेला.

"उघडू नका," टेबलावरून क्षीण आवाज आला.

"साहेब, पण तपासणी..."

उत्तरादाखल लुकमान यांनी एक दीर्घ, दणदणीत ढेकर दिला.

"निघाला," तुमिराबाई समाधानाने म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढचे दिवस हेंदार्तोने जेवणखाण टाकून काढले. चेअरमनांनी भिंती मोजायला एसीवाल्याला बोलावूनही घेतलं. मग निकाल आला. इमारत उत्तीर्ण. वायुवीजन गरजेपेक्षा जास्त असून तपासनिसाने त्याचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे, असा शेरा होता. कपाटं हटवा, एवढी एकच अट. प्रायित्नो यांनी हेंदार्तोची पाठ थोपटली आणि एसीवाल्याला परत पाठवलं.

महिन्याभराने लुकमान यांचा फोन आला. जवळच एक काम आहे, जाता जाता संघात डोकावेन म्हणतो. हेंदार्तो हरखला. इमारत पुन्हा पाहावीशी वाटली म्हणजे झालंच की! त्याने नवा शर्ट घातला, काचा स्वतः पुसल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि काय काय सांगायचं ते मनात घोळवत दारात उभा राहिला.

लुकमान आले. हात मिळवला, इमारत छान आहे म्हणाले, आणि मान चोळत आत डोकावले.

"बाई आहेत ना? दोन दिवस झाले, मान धरलीय."

"आत पाठव त्यांना," तुमिराबाईंचा आवाज आला. "आणि जाताना ती खिडकी तेवढी ओढून घे."

हेंदार्तोने ती ओढून घेतली. कडी अलगद बसली, जराही फट राहिली नाही. कामच तसं चोख केलं होतं त्याने.