हवालदारांचा शेवटचा नंबर

मोबाइलवरच्या खेळात इंग्रजीचा धडा पुरा झाला की विजयाची धून वाजते. ती वाजली की आमचे शेजारी, निवृत्त हवालदार बाजीराव, असतील तिथं सावधानमध्ये उभे राहतात. उंब्रजच्या सलूनमध्ये ते एकदा अर्ध्या गालावर फेस असताना खुर्चीतून उठले. "आवं, मान कापली असती की!" न्हावी ओरडला. धून संपेपर्यंत हवालदार हलले नाहीत. मग बसत म्हणाले, "पदक काय बसून घेत्यात व्हय?"

वय एकाहत्तर. दर रविवारी सकाळी वाचनालयात इंग्रजीचा वर्ग भरतो. पंधरा-वीस मुलंमुली आणि पहिल्या बाकावर हवालदार. तास संपताना मोबाइलवर दहा प्रश्नांची स्पर्धा होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांचे नंबर झळकतात. हवालदार कायम पहिले. दुसऱ्याचं उत्तर चुकलं की म्हणायचे, "गोळी वाया गेली!"

अशा खेळांबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, हे लिहायला मी एका रविवारी वर्गात गेलो.

"पुस्तक उघडलं की झोप येती. ह्यात लय मजा येती," एक मुलगा म्हणाला.

"चुकलं तरी मोबाइल हसत न्हाई," त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली.

"मोबाइल न्हाई हसत. पडद्याकडं बघून तुमी हसताय," मागून पूजा म्हणाली. साताऱ्यातल्या एका कारखान्यात पंधरा दिवसांनी तिची मुलाखत होती. तिथं स्वतःची ओळख इंग्रजीत करून द्यायची होती. सलग चार रविवार तिचा नंबर शेवटचा आला होता. "पुढच्या रविवारपास्नं मी येणार न्हाई. मुलाखतीलाबी जात न्हाई."

हवालदारांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

स्पर्धा सुरू झाली. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांचं बोट बरोबर उत्तरावर जायचं, क्षणभर थांबायचं आणि दुसरंच उत्तर दाबायचं. दहाही वेळा. दहाच्या दहा उत्तरं अशी चुकवायला दहाच्या दहा यावी लागतात. मी लिहायचं थांबलो.

पडद्यावर तळाला हवालदारांचं नाव आलं. पोरांनी गिल्ला केला. "काय हवालदार, बंदूक घरी राहिली व्हय?"

"गंजली रं गड्या," ते म्हणाले आणि उठून पूजाजवळ जाऊन बसले. "पोरी, मागं आता आपुन दोघंच. तू गेलीस तर मी एकटा पडंन. ती वळख कशी करून देत्यात, तेवढं शिकीव मला."

पूजा लाजली. मग अडखळत सुरू झाली. नाव, गाव, शिक्षण.

"समजलं का आजोबा?"

"न्हाई. अजून एकदा सांग."

वर्ग रिकामा झाला. शिकवणाऱ्या बाई कुलूप घेऊन दारात थांबल्या, पण त्यांनी हाक मारली नाही. सहाव्यांदा पूजा कुठंही अडखळली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

"आता तरी समजलं? का घरी जायचं न्हाई तुमाला?"

"घरी कोण बोलतंय माझ्यासंगं," हवालदार म्हणाले. "चल, पहिल्यापास्नं सांग."