ओरडणारी गाडी आणि बाबालाल मिस्त्री

बाबालाल मिस्त्री गाडीकडे पाठ करून गाडी तपासतात. उद्यमनगरच्या मागच्या बोळात त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, लिंबाचं झाड आणि एक बाजलं. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला इंजिन चालू ठेवायला सांगतात, स्वतः भिंतीकडं तोंड करून बाजल्यावर बसतात आणि चहा मागवतात. त्या वेळी कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं बोलायला लागलो. त्यांनी मानही न वळवता सांगितलं, “ओ पुढारी, गप बसा जरा. गाडी सांगाय लागल्या की काय हुतंय ते.”

मी पत्रकं लिहितो, मोर्चे काढतो, कारखान्यांच्या गेटवर भाषणं करतो. मला गप करण्याचा प्रयत्न मालकांनी केला, फौजदारांनी केला, घरी वडील रोज करतात. जमलं ते फक्त बाबालाल मिस्त्रींना.

चहा संपायच्या आत निदान होतं. पेठ वडगावचा एक व्यापारी गाडी खडखडते म्हणून आला होता. आधीच्या मेकॅनिकनं इंजिन उतरवून परत चढवलेलं. मिस्त्रींनी दोन घोट घेतले आणि मागच्या सीटखाली हात घालायला सांगितलं. तिथं लोणच्याची बरणी निघाली. सासूनं गुपचूप ठेवलेली, जावयाला पत्ता नाही. दुसऱ्या वेळी जोतिबाहून आलेल्या एका जोडप्याची गाडी तापत होती. मिस्त्रींनी इंजिनाबद्दल चकार शब्द विचारला नाही. घाटात भांडण कशावरून झालं, एवढंच विचारलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. भांडणाच्या भरात नवऱ्यानं हँडब्रेक अर्धा ओढलेला ठेवून आख्खा डोंगर चढवला होता. जळक्या ब्रेकचा वास मला आला नव्हता, आणि भांडणाचा तर नाहीच नाही.

मी चमत्कार मानत नाही. चमत्कारांविरुद्ध माझी दोन पत्रकं छापून आली आहेत. तरीही त्या बाजल्यापाशी उभं राहिलं की माझ्या अंगावर काटा येतो, हे मी लपवणार नाही. या शहरात कुस्ती मारलेल्या पैलवानाची हत्तीवरून मिरवणूक निघते. असल्या कानाला मात्र आजवर कुणी साधा नारळ दिला नाही, याचा मी इथं जाहीर निषेध करतो.

मिस्त्रींना स्वतःला निषेधाची गरज वाटत नाही. आपल्यासारखा माणूस पुणे-बेळगावच्या दरम्यान दुसरा नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगतात.

आता आमच्या गाडीबद्दल. आमची समिती शिरोलीच्या फाउंड्र्यांतल्या धुळीविरुद्ध भांडते. साच्याची वाळू चाळताना, झाडताना जी बारीक धूळ उडते ती कामगाराच्या छातीत जाऊन बसते. तरणीताठी माणसं खोकून खोकून संपतात आणि मालक सांगतात, बिड्या फार ओढायचा. या कामासाठी एका डॉक्टरांनी आम्हाला त्यांची जुनी, गोल पाठीची मोटार दिली. तिचा मूळ कार्बुरेटर कधीच गेला होता आणि तसला बाजारात मिळत नव्हता. मिस्त्रींनी तिला जीपचा कार्बुरेटर बसवला. त्याची आणि इंजिनाची भोकं जुळेनात, म्हणून मधे घालायला ॲल्युमिनियमची एक पट्टी शिरोलीत ओतून घेतली. दोन वर्षं गाडी गुणानं चालली.

मग ती ओरडायला लागली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिनाचा वेग उतरेना. उभ्या जागी असा आवाज, की गाडी घाट चढते आहे. टपावर आमचा भोंगा, आणि भोंगा चालतो गाडीच्या बॅटरीवर. इंजिन बंद केलं तर थोड्या वेळात भोंग्याचा गळा बसतो, चालू ठेवलं तर माझा आवाज बुडतो. वडगावच्या बाजारात मी घसा फोडून भाषण केलं. लोकांना वाटलं, पिठाची गिरणी प्रचाराला आली आहे.

आणि शनिवारी शिरोलीत गेटसभा होती. दुपारी पाळी सुटताना कामगार पाच-दहा मिनिटं थांबायला पहिल्यांदाच कबूल झाले होते. त्यांना ऐकू आलं नसतं तर ते पुन्हा थांबले नसते.

बुधवारी गाडी मिस्त्रींकडं नेली. ते भिंतीकडं तोंड करून बसले. चहा आला, संपला. दुसरा आला. तोही संपला. मग उठून म्हणाले, ॲक्सिलरेटरची स्प्रिंग ढिली आहे. स्प्रिंग बदलली. गाडी ओरडतच राहिली. मग चोक अडकतोय असं ठरलं. चोक साफ झाला, फरक शून्य. गुरुवारी त्यांनी आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीचा वेग ठरवणारा, स्क्रू पिळून पिळून मागं घेतला, पेट्रोल ओतून दिलं, पेट्रोल विकणाऱ्याला शिव्या घातल्या. शुक्रवारी दोष माझ्यावर आला. मी गाडीत बसून आरडाओरडा करतो, तेच वळण गाडीला लागलंय, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं.

मी चिडलो होतो, पण त्याहून जास्त घाबरलो होतो. हा कान चुकतो कसा?

शनिवारी सकाळी ते तेलाची कुपी घेऊन बसले. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असेल, तर त्या फटीवर तेल सोडायचं. फट क्षणभर बुजते आणि आवाज उतरतो. मिस्त्री एकेका सांध्यावर थेंब सोडत गेले. इथं सोडला, तिथं सोडला, नळीवर सोडला. त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीपाशी हात आला की वळसा घालून पुढं जाई. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा कुपी त्यांच्या हातातून घेतली आणि सरळ पट्टीवर उपडी केली.

गाडी एकदम गप झाली. लिंबावरचे कावळे ऐकू आले. मग तेल आत ओढलं गेलं आणि ती परत ओरडायला लागली.

मिस्त्रींनी हात लांब करून चावी फिरवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, “ठावं हाय मला. बुधवारीच कळलंय.”

मग तीन दिवस हा काय तमाशा लावलाय, असं मी विचारलं. कामगारांच्या वतीनं विचारतोय, असंही म्हणालो. त्यांनी पाना घेतला, कार्बुरेटर उतरवला, पट्टी काढून फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. सांध्याच्या बाजूनं एका कोपऱ्यात धातूला लहानसा फुगवटा होता. चिंचोक्याएवढा, लांबट, गुळगुळीत. त्यामुळं पट्टी सपाट बसत नव्हती. पूर्वी मधे जाड गास्केट, म्हणजे दाबलेल्या कागदाचं पॅकिंग, घालून ते भागलं होतं. आता गास्केट वाळून आकसलं होतं आणि फुगवट्याच्या कडेनं हवा शिरत होती.

“यशवंताचा अंगठा हाय त्यो,” मिस्त्री म्हणाले.

यशवंता शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होता, वाळूचे साचे करायचा. पट्टी त्यानं ओतली होती. त्याला लिहिता येत नसे, म्हणून मनासारखं काम झालं की साचा मिटायच्या आधी तो वाळूत अंगठा दाबायचा. वाळूत खळगा, म्हणजे ओतीव कामावर उंचवटा. ती त्याची सही. एरवी तो बाहेरच्या बाजूला करायचा. त्या दिवशी खोकल्याची उबळ आली आणि अंगठा नेमका सांध्याच्या अंगाला उठला. मिस्त्रींनी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या होत्या. त्यावर यशवंता म्हणाला होता, आता तुझ्या कामावर माझी सही हाय, घासून दाखीव.

मागच्या पावसाळ्यात यशवंता गेला. आमच्या पत्रकात धुळीनं मेलेल्यांचा जो आकडा आहे, त्यात तो आहे. पत्रकात नाव नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, मग आता घासायलाच हवं. पाळी सुटायला फार वेळ उरला नव्हता. मिस्त्रींनी कानस काढली, पट्टी शिकंज्यात धरली. कानस त्या फुगवट्यावर टेकवली. तशीच उचलली. मग ती माझ्यापुढं केली.

“तुम्ही घासा, पुढारी. तुमच्या सभेचं काम हाय.”

मी कानस घेतली. गेटवर थांबणारी माणसं डोळ्यांपुढं होती. ही सभाही यशवंतासाठीच आहे, असं स्वतःला बजावलं. तरी कानस खाली ठेवली.

मिस्त्री एकदम शेडमधे गेले, जुन्या ट्रकच्या गास्केटचा जाड तुकडा घेऊन आले आणि तो पट्टीवर ठेवून बारक्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत आकार कापला. शेवटी कोपऱ्यात, त्या अंगठ्याएवढी एक खिडकी पाडली. फुगवटा त्या खिडकीत अलगद बसला. भोवतीनं गास्केट चोख दाबलं गेलं. शंभर गाड्या बघितल्या असतील मी त्यांच्या हाताखाली, असलं काम बघितलं नव्हतं.

पट्टी आणि कार्बुरेटर परत चढवून, मागं पिळलेला स्क्रू जागेवर आणून त्यांनी इंजिन सुरू केलं. ते चालू आहे की बंद, हे मला बॉनेटवर हात ठेवून बघावं लागलं.

मी स्टिअरिंगवर बसलो. मिस्त्री खिडकीशी आले, उगाच आरशावरची धूळ पुसत राहिले.

“हे बी वाळणार, पुढारी. दोन वर्सांनी म्हणा, तीन वर्सांनी म्हणा, परत वरडंल ती. तवा हितंच आणायची. दुसऱ्या कुणाकडं न्यायची न्हाय.”

मी विचारलं, का?

“त्यो घासून टाकील की,” मिस्त्री म्हणाले.