झाडावरचा हसरा चंद्र

त्या वर्षी मी घरात जाहीर करून टाकलं, नाताळच्या झाडाची सजावट विकत आणायची नाही, घरीच करायची! कवळ्या बनवणं हा माझा धंदा. अख्ख्या गावाला चावायला दात पुरवणारा माणूस मी; चार चांदण्या म्हणजे हातचा मळ!

"फरशी तुम्हीच पुसायची," बायको म्हणाली. तिला माझं कौतुक असं कधी नव्हतंच.

कामावरचं प्लास्टर आणलं, कालवलं, बिस्किटांच्या साच्यांत ओतलं. ओलं असतानाच दोऱ्याचा फास खुपसायचा, सुकलं की रंगवायचं. इतकं सोपं! थोरलीने चांदण्या केल्या. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तिला चंद्रच हवा होता, तोही बशीएवढा.

"हसरा करणार आहे. तुम्ही बघायचं नाही!"

मी शहाण्यासारखी पाठ फिरवली.

आत आप्पा, म्हणजे माझे वडील, दुपारची झोप काढत होते. संध्याकाळी इमारतीतली सगळी मंडळी खालच्या सामायिक दिवाणखान्यात झाडाभोवती जमणार होती आणि आप्पा गाणार होते. आई गेल्यापासून त्यांनी एक सूर काढला नव्हता. आता मात्र महिनाभर न्हाणीघरात रियाज चालला होता, आणि दाराबाहेर आम्ही सगळे चोरून ऐकत होतो.

धाकटीचा चंद्र तयार झाला. पिवळाधमक, गालभर हसणारा, तोंडात दातांची ओळ! मी थक्कच झालो.

"अगं, हे दात कसे केलेस?"

"मी नाही केले."

पोर किती नम्र आहे बघा! माझा ऊर भरून आला. धंद्याला वारस मिळाली म्हणून मी चंद्र स्वतःच्या हाताने झाडाच्या मधोमध टांगला आणि खालच्या डॉक्टरीणबाईंना मुद्दाम बोलावून दाखवला.

वर आलो तर घरात हलकल्लोळ. आप्पांची वरची कवळी गायब!

"पेल्यात ठेवली होती!" आप्पा कसेबसे म्हणाले.

पलंगाखाली बघितलं, उशा उसवायच्या तेवढ्या राहिल्या. बेसिनखालचा पाइप खोलला. त्यातून थोरलीचा हरवलेला कानातला डूल निघाला, दात नाहीत. बायको मला म्हणाली, "दुकानातून एखादी घेऊन या की!" जणू कवळी म्हणजे टोपी, कुणाचीही कुणालाही बसते!

शेवटी आप्पा तोंडावर रुमाल धरून खाली उतरले, 'येणार नाही' असं सांगायला. झाडापाशी थबकले. चंद्राकडे बघत राहिले. मग बोट लावून म्हणाले, "या दाताचा टवका माझा आहे."

मी जवळ जाऊन पाहिलं. हिरड्यांवर पिवळा रंग, पण घडण माझीच! माझ्याच हातची कवळी, आणि मी तिला दुपारभर शाबासकी देत होतो.

"एक टिचकी मारली की प्लास्टर सुटेल," मी हातोडी मागवली. धाकटीने चंद्राखाली उभं राहून भोकाड पसरलं.

"फोडू नका! आप्पांना घरात हसताच येत नाही, म्हणून त्यांचं हसू झाडावर लावलंय!"

 माझ्या हातातली हातोडी मलाच जड झाली.

आप्पांनी रुमाल खिशात घातला. "राहू दे," म्हणाले, आणि तसेच गायले. शब्द सगळे फुसफुसले, सूर मात्र एकही चुकला नाही. मधल्या एका तानेत तर त्यांना स्वतःचंच हसू फुटलं. इतकं खळखळून हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बायकोने डोळे पुसले; मी डोळ्यांत प्लास्टर गेलं म्हणून ते चोळले.

आता आप्पा नाहीत, पोरी आपापल्या घरी. चंद्र अजून दर वर्षी मीच टांगतो.

आप्पांना मी लगेच नवी कवळी करून दिली होती. जीव ओतून, आयुष्यातली सर्वांत सुबक! ती घालून ते शेवटपर्यंत भेटेल त्याला एकच सांगायचे, "झाडावरची जास्त बरी बसायची."