गुंडोपंतांच्या गाडीचा हुक

एका जंगलात, बाळांनो, एकच रस्ता होता. कुठलं जंगल ते विचारू नका. सांगितलं तर तिथली मंडळी माझ्या दारात येऊन बसतील.

रस्ता गोल होता. जिथून निघायचं, पूर्ण दिवसाचा वळसा घालून तिथेच परत यायचं. रुंदी जेमतेम एका गाडीची. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने मागे जायचं. कोणी जायचं? लहानाने. हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे तो पाळायचे.

या जंगलात गुंडोपंत नावाचं एक खवल्या मांजर राहायचं. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे बरं का. अंगभर खवले, लांब शेपूट आणि मुंग्या म्हणजे जीव की प्राण. गुंडोपंत स्वभावाने महाभित्रे. शेजारी पान गळलं तरी अंगाचं वेटोळं करून बसायचे. हसू नका रे, तुमच्यातही आहेत असे दोघेतिघे, मला ठाऊक आहे.

तर गुंडोपंतांना मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. त्यांची बायको वेणूबाई म्हणाली, "अहो, माझ्या माहेरचा पाळणा आणा. आमच्याकडच्या सगळ्यांची नावं त्याच पाळण्यात ठेवलीत."

"अगं, पण आपल्यात पोरं आईच्या शेपटीवर बसून वाढतात," गुंडोपंत म्हणाले. "पाळणा कशाला?"

"मग बारसं काय शेपटीवर करू? पाळण्याशिवाय नाव ठेवायचं नाही, सांगून ठेवते."

झालं. घरात आत्याबाई, म्हणजे गुंडोपंतांची बहीण, आठवडाभर आधीच येऊन बसली होती. नाव तिने ठरवलं होतं, पण सांगत कुणालाच नव्हती. बारशाआधी नाव फुटू नये. पाळण्यात घातल्यावर पहिल्यांदा बाळाच्याच कानात सांगायचं. ओट्यावर मुंग्यांच्या घुगऱ्या भिजत पडल्या होत्या. फक्त पाळणा यायचा बाकी होता.

आता गुंडोपंतांची गाडी एवढीशी. दोघं बसले की तिसऱ्याने पाय खिडकीतून बाहेर काढायचे. आणि पाळणा, वेणूबाईच्या म्हणण्याप्रमाणे, सागवानी, चार पितळी साखळ्यांचा. तो आत मावणार कसा? म्हणून गाडीला मागे हुक बसवायचा आणि छोटी ट्रॉली जोडायची, असं ठरलं.

जंगलात वेल्डिंगचं काम काजवा करायचा. दुसरं कोण करणार? ठिणगी त्याच्याकडेच होती.

"मला जड काही ओढायचं नाही," गुंडोपंतांनी बजावलं. "एक पाळणा. एकदाच. जायचं आणि यायचं."

"हलकं काम ना? मग दणकटच करू," काजवा म्हणाला. कारागीर असंच बोलतो, मुलांनो. त्याला अर्थ विचारायचा नसतो.

काजव्याने गाडीखाली जाड पट्टी ठोकली. पट्टीवर हुक बसवला. हुकात ट्रॉलीची दांडी अडकवली, वरून पिन घातली. आणि गुंडोपंत वाकून बघतायत तोवर चर्रर्र करून पिनेवर वेल्डिंगचा टाका मारला.

"अहो, हे काय केलंत?"

"पिना चोरीला जातात हो पंत. आता चोराचा बाप आला तरी निघायची नाही."

"पण मला काढायची असली तर?"

काजवा विचारात पडला. असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. "तुम्हाला कशाला काढायचीय?" तो म्हणाला. "आणि हो, रिव्हर्स जरा जपून. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते."

"मग सरळ मागे जायला कुठे फिरवायचं?"

"ते मला काय माहीत! मी वेल्डिंगवाला."

गुंडोपंतांनी तिथेच तीनदा मागे घेऊन पाहिलं. तिन्ही वेळा ट्रॉली आडवी होऊन करवंदीच्या जाळीत घुसली. मग त्यांनी डोकं चालवलं. रस्ता गोल आहे. मागे जायचंच कशाला? पुढे पुढे गेलं की घर आपोआप येतं. विचारात तशी चूक काही नव्हती.

सासुरवाडीला तिघा मेहुण्यांनी पाळणा उचलून ट्रॉलीत ठेवला. केवढी ती हाशहुश! एकाने कंबर धरली, दुसऱ्याने घाम पुसला, तिसरा मटकन खालीच बसला. गुंडोपंत हात लावायला गेले तर तिघे ओरडले, "छे छे, जावईबापूंनी हात लावायचा नाही! आमचा पाळणा काय साधासुधा आहे?" जावईबापू मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर घर अगदी जवळ आलं. आता एक चढ, मग वळण, वळणावर घर. आणि चढावर समोरून आले गवाजीराव.

गवाजीराव म्हणजे जंगलाचे मुख्य. गवाच तो. एवढा मोठा रानरेडा, मागे ताफ्यात बारा गाड्या. गवाजीराव आयुष्यात कुणासाठी मागे गेले नव्हते. त्यांनी नुसता हॉर्न वाजवला.

गुंडोपंतांनी घाईघाईने रिव्हर्स टाकला. ट्रॉली आडवी झाली. ती सरळ करायला गाडी पुढे घेतली. पुन्हा मागे, पुन्हा आडवी, पुन्हा पुढे. मागे जायचे वीतभर आणि पुढे यायचे हातभर. ताफ्याला वाटलं, हा अंगावर येतोय! गवाजीरावांनी अशी काही डरकाळी फोडली की विचारू नका. गुंडोपंतांनी भीतीने डोळे मिटले आणि सीटवरच वेटोळं केलं. शेपटी तेवढी ॲक्सिलरेटरवर पडली.

गाडी हळूहळू चढू लागली.

"बघतसुद्धा नाही माझ्याकडे!" गवाजीरावांचा आवाज चिरकला. "मान वर करून बघत नाही! याच्यामागे कोणीतरी मोठा असणार." आणि बाळांनो, बारा गाड्यांचा ताफा मागे गेला. एकमेकांवर आपटत, आरसे मोडत, थेट पाणवठ्याच्या मोकळवणापर्यंत.

गुंडोपंतांनी डोळे उघडले तेव्हा वळण चार हात मागे पडलं होतं. फक्त चार हात. वेणूबाई बाळाला घेऊन वळणावरच उभी होती.

"अहो, घर मागे राहिलं! मागे घ्या!"

"येत नाही गं मागे!" गुंडोपंत रडकुंडीला आले. तेवढ्यात ताफा मागे गेल्याचं कळून पन्नास गाड्या पाठीमागून येऊन चिकटल्या आणि हॉर्न वाजवू लागल्या. थांबायची सोय राहिली नाही. "उद्या याच वेळेला येतो!" असं ओरडून ते पुढे गेले.

रस्त्याच्या कडेला टिटवी बसली होती. जंगलाचं वर्तमानपत्र तीच चालवायची आणि फ्लेक्सही तीच छापायची. ती उडत उडत खिडकीशी आली. "पंत, गवाजीरावांसमोर तुम्ही मागे का गेला नाहीत?"

गुंडोपंत खरं बोलणारे. म्हणाले, "बाई, मागे जाणं मला जमतच नाही."

टिटवीने पंखावर पंख आपटला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जसंच्या तसं जंगलभर झालं. "मागे जाणं मला जमतच नाही!" म्हाताऱ्या घोरपडीच्या डोळ्यांत पाणी आलं. असं बोलणारा कुणीतरी या जंगलाला हवाच होता, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी गुंडोपंत वेळेवर आले. वळण कुठे आहे ते शोधू लागले. वळणावर तीस हाती फ्लेक्स लागला होता. त्यावर त्यांचाच फोटो, वेटोळं केलेला. खाली लिहिलं होतं, 'मान वर न करणारे, माघार न घेणारे'. घराची वाट फ्लेक्सच्या मागे. आतून वेणूबाईचा आवाज तेवढा आला, "अहो, घुगऱ्या आंबल्या!"

तिसऱ्या दिवशी सत्कार होता. वळणावर गर्दी मावेना. खिडकीतून शाल आली, नारळ आला, हार आला. गुंडोपंत म्हणत होते, "बाबांनो, मला घरी जाऊ द्या, पोरीचं बारसं आहे." लोक म्हणाले, "बघा, पोरीचं बारसं सोडून आपल्यासाठी फिरतायत!" आणि टाळ्या पडल्या.

आता खरं सांगू का? गुंडोपंतांना बरं वाटलं. जन्मभर ज्याने सगळ्यांना वाट दिली, त्याला सगळे वाट देऊ लागले. चौथ्या दिवशी त्यांनी वळणाकडे बघितलं, पण हार नीट करता करता. पाचव्या दिवशी ते मुख्य झाले. गवाजीराव रांगेत सातवे.

काजव्याकडे तोबा गर्दी उसळली. प्रत्येकाला हुक हवा. सशाने बसवला, माकडाने बसवला, साळिंदराकडे गाडीच नव्हती, त्याने स्वतःला बसवून घेतला. काजव्याने पाटी लावली, 'रिव्हर्स गिअर काढून मिळेल'. मग टिटवीने सुचवलं की एकाच्या ट्रॉलीला दुसऱ्याची गाडी जोडू, म्हणजे एकी होईल. जोडली. काजव्याने सगळ्या पिनांवर टाके मारले. आता गुंडोपंतांनी ब्रेक दाबला तरी मागचे शंभर जण त्यांना ढकलत पुढे नेत.

असं किती दिवस चाललं? करवंदं दोनदा पिकून गेली.

आणि एके दिवशी गुंडोपंतांना वळणावर एक छोटी पोरगी दिसली. हातात झेंडा, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "मागे नाही! मागे नाही!" तिच्या कपाळावरचा एक खवला उलटा होता. वेणूबाईचाही तसाच आहे.

गुंडोपंतांनी पोरीला ओळखलं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळली नाही. तेव्हा त्यांनी काय केलं माहीत आहे? दार उघडलं आणि उडी मारली. पहिल्याच दिवशी का नाही मारली, असं विचारताय ना? मीही विचारलं होतं. ते म्हणाले, "पाळणा कसा सोडू? तिघांना उचलवत नव्हता."

गडगडत ते ट्रॉलीशी गेले. पाळण्याला बांधलेला दोर सोडला. दात-ओठ खाऊन, जीव एकवटून त्यांनी पाळणा उचलला आणि उताणे पडले. पाळणा पिसासारखा हलका होता! मेहुण्यांनी हाशहुश केली होती ती माहेरच्या मानासाठी. गुंडोपंत मनाशी म्हणाले, एवढ्यासाठी हुक, एवढ्यासाठी ट्रॉली. डोक्यावर घेऊन आलो असतो तर त्याच दिवशी जेवायला घरी असतो.

पाळणा डोक्यावर घेऊन ते फ्लेक्सखालून सरपटत घरी पोचले. वेणूबाई अंगणात होती. तिने त्यांना नखशिखान्त पाहिलं.

"आणलात?"

"आणला गं! घुगऱ्या टाक. आत्याला बोलव. नाव ठेवू आत्ताच्या आत्ता."

"आत्या वाट बघून गेल्या त्यांच्या गावी. नाव सांगितलं नाही कुणाला. बारशाआधी फोडायचं नसतं म्हणाल्या."

"बरं, ती येईल पुन्हा. पोरगी कुठेय? दाखव तरी!"

वेणूबाईने रस्त्याकडे बोट दाखवलं. "तुमच्यासमोरून तर गेली. मोठेपणी पंतांच्या मागे जाणार म्हणायची. म्हटलं, मोठी तर हो. आज निघालीच."

गुंडोपंत रस्त्याकडे धावले. मिरवणूक चालली होती. पुढे त्यांची रिकामी गाडी, सीटवर हार, मागे शंभर जण. गाडीत कुणी नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वर टिटवी ओरडत होती, "पंत इतके पुढे गेले की आता दिसतही नाहीत!" आणि अगदी शेवटच्या ट्रॉलीत ती झेंडा नाचवत उभी होती. पाठमोरी.

गुंडोपंतांनी हाक मारायला तोंड उघडलं. उघडलं ते उघडंच राहिलं. तिला काय म्हणून हाक मारायची? तिचं नावच ठेवलेलं नव्हतं.

तात्पर्य : घरी पोचायचं असेल तर गाडी मागे घेता आली पाहिजे. राज्य करायचं असेल तर नाही आली तरच बरं.